आग्रह न करणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,
शि. सा. न.

जठराच्या ऑपरेशनला परवा दोन वर्षं झाली. त्या संध्याकाळी मी अर्धी भाकरी आणि वाटीभर मुगाची आमटी जेवलो, आणि नंतर पोटावर हात ठेवून बसावं लागलं नाही. म्हणून आज लिहितोय.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत दुर्बिणीतून जठराच्या मधोमध चट्टा दिसला, तेव्हा इथे टोकियोतल्या निशि-कासाईत आमच्या ओळखीचं जपानी येणारं माणूस म्हणजे तुम्ही. सर्जन कागदावर जठर काढून दाखवत होते. कॅन्सर अगदी सुरुवातीचा, पण दुर्बिणीतूनच काढता येईल इतका उथळ नाही. मधला भाग कापायचा, वरचा ठेवायचा, आणि खाली आतड्याकडे उघडणारी झडप, पायलोरस, तिच्याकडे जाणाऱ्या नसांसकट जपायची. जपानी सर्जन डॉ. माकी यांनी ही पद्धत १९६७ मध्ये अल्सरसाठी मांडली होती, हेही आमच्या सर्जननी सांगितलं. झडप गेली की अन्न भसकन आतड्यात उतरतं; मग घाम, धडधड, चक्कर, जुलाब. तुम्ही आम्हाला एका वाक्यात सांगितलंत, "माठ लहान करणार आहेत, तोटी काढणार नाहीत." माझी बायको त्या दिवशी पहिल्यांदा नीट श्वास घेऊ शकली.

तोटी राहिली, तरी पुढचे महिने सोपे नव्हते. घाम-चक्कर जवळजवळ नाहीच, पण चार घास खाल्ले की छातीखाली दगड. सहा महिन्यांनी दुर्बीण घातली, तर आदल्या रात्रीचा भात अजून जठरातच होता. मला वाटलं, सगळं फसलं. तुम्ही डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलंत: या ऑपरेशननंतर असं होतं, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, बहुतेकांचं हळूहळू सुधारतं.

हॉस्पिटलात तांदळाची पेज मिळायची, आधी पातळ गोबुगायू, मग घट्ट झेनगायू. घरी तुम्ही तीच पेज आणलीत, वर चिमूटभर मेतकूट. दिवसातून सहा वेळा, छोट्या वाटीत. घास तीस वेळा चावायचा, रात्रीचं जेवण सातच्या आत, लगेच आडवं व्हायचं नाही. आणि वाटी संपली की तुम्ही ती उचलून न्यायचात. "अजून थोडं घे" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.

काकू, हे किती अवघड होतं ते मला आता कळतं. आपल्याकडे माया म्हणजे आग्रह. सांगलीहून आई रोज व्हिडिओ कॉलवर रडायची, "पोरगं वाळलं, त्याला तूप घाला." माझं अकरा किलो वजन उतरलेलं, तिचं तरी काय चुकलं? तुम्ही तासभर बोललात तिच्याशी. काय बोललात ते तिने मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने "किती खाल्लंस" विचारणं सोडलं आणि "कितीदा खाल्लंस" विचारायला लागली.

आता सहा किलो परत आलंय. पुरणपोळी चतकोर, पण खातो.

मे महिन्यात आई येतेय. पहिल्या दिवशी तुम्ही जेवायला या. माझी वाटी तुम्हीच भरा. किती भरायची ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचंय.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा