काळ्या दगडाचा रंग

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नोकरी सांभाळून मी रात्री कसली खेळणी रंगवत बसते, असे बाबांनी विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ती एका पटावरच्या खेळातली आहेत; खेळाचे नाव ‘हीरोक्वेस्ट’. तो मूळचा 1989 सालचा असून 2021 मध्ये नव्याने निघाला. एक खेळाडू झार्गन नावाचा दुष्ट जादूगार होतो आणि बाकीचे चार वीर होऊन त्याच्या भुयारांत शिरतात. पटावर बोटभर उंचीच्या राक्षसांच्या मूर्ती असतात. त्यांतला गार्गॉइल हा पंखांचा राक्षस मी दगडी रंगात करायला घेतला आहे, आणि त्याच्या जोडीला वेगळे विकत घेतलेले काही दगडी गोलेम, म्हणजे जादूने चालणारे पुतळेही आहेत. गार्गॉइल हे नाव युरोपातील जुन्या चर्चच्या छपरावरून पावसाचे पाणी भिंतीपासून लांब टाकणाऱ्या दगडी पन्हळींचे. आपल्या देवळांत मकरमुखातून पाणी पडते, त्याच जातीचे ते काम.

बाबा, पहिली पायरी तुमच्या फौंड्रीतलीच आहे. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे प्लॅस्टिकवरही बारीक रेघ उठते, आणि ती पात्याने खरवडून काढावी लागते, म्हणजे फेटलिंगच. दगडी मूर्तीवर ती राहून चालत नाही, कारण पुढे कोरडा ब्रश फिरवला की जो उंचवटा असेल तोच रंग धरतो आणि ती रेघ पांढरी होऊन उठून दिसते. त्यानंतर मूर्ती साबणाच्या पाण्याने धुऊन तिला काळा प्रायमर, म्हणजे वरचा रंग धरून ठेवणारा पहिला हात, देते. पावसाळ्यातल्या दमट हवेत फवाऱ्याचा प्रायमर रवाळ बसू शकतो, म्हणून सध्या ब्रशनेच लावते.

दगड रंगवण्याची सर्रास रीत सोपी आहे. गडद करडा रंग द्यायचा, पातळ काळा रंग फटींत उतरू द्यायचा, मग ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून फिकट करडा रंग वरवर फिरवायचा. राक्षस तासाभरात तयार होतो, पण माझ्या मते तो दगडाचा न दिसता सिमेंटचा दिसतो.

खरा दगड पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. अंबाबाईचे देऊळ, 1884 मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडा, खिद्रापूरचे शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर, सगळीकडे काळाच पाषाण आहे, आणि लक्ष देऊन पाहिले तर तो कुठेही एकरंगी नाही. नुकत्याच फोडलेल्या बेसॉल्टमध्ये निळसर झाक असते; उन्हापावसात त्यातले लोह गंजते आणि पृष्ठभागावर तपकिरी छटा चढते. माणसांचे हात लागून गुळगुळीत झालेला भाग अधिक काळा दिसतो, तर जिथे पाणी ओघळते तिथे शेवाळ धरते. म्हणून मी करड्यात थोडा निळा मिसळते, फटींत गंजासारखा पातळ तपकिरी सोडते, आणि उजेड वरून पडतो हे धरून डोके, खांदे व पंखांच्या कडा तेवढ्या उजळते. आई, तू कांदा-लसूण मसाल्यात घालतेस ते दगडफूल मी चक्क समोर ठेवले आहे. त्याचा राखाडी-हिरवट रंग जुळवून स्पंजच्या कपच्याने राक्षसाच्या पाठीवर टिपके देते. (मसाल्याच्या डब्यातून थोडेसेच घेतले आहे.)

डोळ्यांबाबत मात्र माझे मित्रांशी पटत नाही. त्यांना लालभडक, चमकते डोळे हवे असतात. कुंभार गल्लीत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिरांचा हात पाहून मलाही मोह होतो, परंतु गणपतीच्या मूर्तीत प्राण यायचा असतो, आणि हा राक्षस हलेपर्यंत निव्वळ पुतळाच वाटला पाहिजे, तरच वीर बेसावध राहतील. म्हणून त्याचे डोळे मी दगडाचेच ठेवले आहेत.

खर्चाची काळजी नको. रंगाच्या बाटल्या लहान असल्या तरी पुष्कळ दिवस पुरतात.

दिवाळीला तुम्ही याल तेव्हा डाव मांडू. नियम मी मराठीत उतरवून ठेवत आहे. झार्गन बाबांनी व्हावे, कारण दादा झाला तर तो पहिल्याच खोलीत सगळे राक्षस बाहेर काढील. तोवर एक विचारायचे आहे: माळ्यावरच्या पेटीतला बाबांचा बारीक कानशींचा संच मी वापरू का? गोलेम रेझिनचे आहेत आणि त्याची भुकटी श्वासात जाऊ नये, त्यामुळे कानस पाण्यात भिजवून आणि तोंडाला मास्क बांधूनच घासीन.

तुमची,
धाकटी