काँक्रीटमधल्या दोन प्रकारच्या हवेविषयी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लोकमान्यनगर भागात माझ्या पुतण्याच्या घराचे सेंट्रिंग काढले, तेव्हा एका बीमच्या पोटाशी मूठ जाईल एवढी पोकळी निघाली आणि आतला सरिया (लोखंडी सळई) उघडा दिसू लागला. ठेकेदाराने त्यावर सिमेंटचा हात फिरवला आणि "काँक्रीटमध्ये हवा असावीच लागते, परदेशात तर मुद्दाम मिसळतात," असे समजावले. स्थापत्य अभियंता म्हणून आयुष्य घालवलेल्या मला हे ऐकून फार वाईट वाटले, कारण त्यातला खरा भाग चुकीच्या जागी लावला होता.

मुद्दाम मिसळलेली हवा विशिष्ट रसायनामुळे येते. तिचे बुडबुडे बहुधा खसखशीहूनही बारीक, गोल आणि एकमेकांपासून सुटे असतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि त्या दाबाला हे बुडबुडे जागा देतात; म्हणून लेह किंवा लाहौल-स्पितीसारख्या प्रदेशात, जिथे काँक्रीट वारंवार गोठते आणि वितळते, तिथे त्यांच्यामुळे बांधकामाचे आयुष्य वाढते. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात अशा ठिकाणी, एम ५० या मजबुतीच्या प्रतीहून खालच्या काँक्रीटला २० मिलिमीटरची गिट्टी असल्यास, सुमारे ५ टक्के हवा सांगितली आहे. मात्र दर एक टक्का हवेमागे मजबुती साधारण ५ टक्क्यांनी घटते. या बुडबुड्यांनी काँक्रीट मऊसूत होते म्हणून पाणी कमी घातले, तरच त्यातले काही भरून निघते. इंदुरात थंडी कितीही पडली तरी स्लॅबमधले पाणी गोठत नाही, तेव्हा नुसत्या टिकाऊपणासाठी ही किंमत इथे कोणी का मोजावी?

बीममधली पोकळी म्हणजे ही मुद्दाम मिसळलेली हवा नव्हेच. ती वायब्रेटर (ओले काँक्रीट हलवून दाबून बसवणारे यंत्र) नीट न फिरवल्याने अडकून राहिलेली, वेडीवाकडी हवा. अशा पोकळ्या ५ टक्के राहिल्या तर मजबुती ३० टक्क्यांपर्यंत घसरू शकते, शिवाय ओल थेट सरियापर्यंत पोहोचते आणि गंज फुगून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात.

पुतण्याला मी तो भाग ठणठणीत काँक्रीट लागेपर्यंत छिन्नीने काढायला लावला आणि न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटी मिश्रणाने) भरून घेतला. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने गिलावा होण्याआधी शिडी लावून बीमचे पोट स्वतः पाहावे, एवढी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, इंदूर