सातपूरच्या दादांना, मेल सर्व्हरच्या मदतीबद्दल

आदरणीय दादा,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर लिहिते.

ऐन द्राक्ष हंगाम होता. निफाड-दिंडोरीचा माल पॅकहाउसला लागलेला, न्हावाशेव्याला कंटेनर निघायचे, आणि नेमके तेव्हाच युरोपातल्या खरेदीदारांचे मेल आमच्या सर्व्हरवरून नाकारले जाऊ लागले. कारण एकच: पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, काळ्या यादीत आहे. जो तो म्हणे, स्पॅम फिल्टर बंद करा. पण बँक खातं बदलल्याचे खोटे मेलही हंगामातच येतात, फिल्टर काढला की ते सरळ हिशेबनिसाच्या टेबलावर. तुम्ही एकटेच म्हणालात, "आधी लॉग वाचू."

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, प्रत्येक नकारापुढे स्पॅमहाउसचं नाव होतं; स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या ठेवणारी ही संस्था. तुम्ही सर्व्हरवरूनच १२७.०.०.१ हा पत्ता त्या यादीत विचारायला लावलात. तो यादीत कधीच नसायला हवा, तरीही उत्तर आलं: १२७.२५५.२५५.२५४. तुम्ही लगेच ओळखलंत. हा आकडा कुणाला स्पॅमर ठरवत नाही. सार्वजनिक डीएनएसमधून, म्हणजे नावं-पत्ते शोधून देणाऱ्या सगळ्यांसाठी खुल्या सेवेतून, विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, एवढंच तो सांगतो. आमचा सर्व्हर ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारत होता आणि काहीही उत्तर आलं की पाठवणारा यादीत आहे असं धरत होता. रॉटरडॅमचा जुना खरेदीदार असो की भामटा, दोघांनाही तोच नकार.

मग सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस बसवलं, आणि पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरच्या नियमात १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं "यादीत आहे" अशी धरायला सांगितली. तरी तुम्ही फोन ठेवला नाहीत. चाचणीसाठी मुद्दाम यादीत ठेवलेला १२७.०.०.२ हा पत्ता सापडतो आणि १२७.०.०.१ सापडत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच ठेवलात. प्रत्येक पायरीचं कारण सांगितलंत, याचं मला सगळ्यात मोल आहे. नुसती कमांड सांगून मोकळं होणं तुम्हाला सोपं होतं.

नाकारलेला मेल आपल्याकडे उरत नाही, खरेदीदारांना फोन करून पुन्हा पाठवायला सांगा, हेही तुम्हीच सुचवलंत. त्यामुळे बिल ऑफ लेडिंगचे (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीचे) ड्राफ्ट आणि फायटोच्या (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याच्या) दुरुस्त्या वेळेत हाती आल्या.

दादा, मनापासून आभार. आमच्या शेजारच्या ऑफिसातही असेच मेल परत जात आहेत. त्यांना मी आधी लॉग काढून ठेवायला सांगितलंय आणि तुमचा नंबर दिलाय, चालेल ना?

तुमची,
अंबडच्या द्राक्ष निर्यात ऑफिसातली सर्व्हर सांभाळणारी