नॅकच्या तयारीत राबलेल्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था. आमच्या कॉलेजच्या नॅक रीॲक्रेडिटेशनसाठी, म्हणजे पुन्हा होणाऱ्या मूल्यांकनासाठी जे राबले त्यांची नावं कुठल्याच रिपोर्टमधे येणार नाहीत, म्हणून हे लिहितेय. नॅकचे 7 क्रायटेरिया (निकष), एसएसआर (कॉलेजने स्वतःबद्दल लिहायचा रिपोर्ट), वर 5 वर्षांचे पुरावे, हा डोंगर उपसला तो ऑफिसातल्या मंडळींनी, जुने मस्टर नि पावत्या शोधून एकेक पान स्कॅन करत रात्री उशिरापर्यंत बसायची ही माणसं आणि डीव्हीव्हीची (नॅककडून होणाऱ्या माहितीच्या पडताळणीची) शंका आली की परत तेच कागद काढून द्यायची, तेही न चिडता. सफाईच्या मावशींचेही आभार, नॅकची पाहणीला येणारी पीअर टीम येवो न येवो कॅम्पस त्या रोजच राखतात.

आणि ती सीनियर मुलं! स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्व्हेचा मेल आला तेव्हा "खरं वाटतं तेच लिहा" असं वर्गावर्गात जाऊन सांगितलं त्यांनी, मला याचं फार कौतुक वाटतं. एसटीने येणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलींना सोबत घेऊन डबा खाणं, तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्यांवर प्राचार्यांशी बोलणं, हे काही मार्कांसाठी नव्हतं. ग्रेड यायची ती येईल, पण मुली आता लेडीज रूममधे कोंडून न घेता लायब्ररीत, कट्ट्यावर बिनधास्त बसतात ते तुमच्यामुळे. खूप खूप आभार रे पोरांनो!