बेळगावला जाण्याआधी मेडलची कड वाच

सातारा

प्रिय मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझ्या मैत्रिणी मराठा लाईट इन्फंट्रीचं संग्रहालय बघायला बेळगावला निघालात, हे फार छान झालं. पण नुसत्या तलवारी-बंदुका बघून परत येऊ नका. रेजिमेंटचं संग्रहालय पलटणींच्या आकड्यांवर मांडलेलं असतं. आपला आकडा ठाऊक नसेल तर सगळी कपाटं सारखीच दिसतात. तुझ्याकडे आकडा आहे. बाबांनी खापरपणजोबांच्या दोन मेडलांचे फोटो पाठवलेत, त्यातला कडेचा फोटो मोठा करून बघ. मेडलची पुढची बाजू सगळ्यांचीच सारखी असते. माणूस सापडतो तो कडेवर: नंबर, हुद्दा, नाव, पलटण.

त्यांच्या कडेवर ११७ मराठा आहे. हा आकडा १९२२ पर्यंतच चालला. त्या वर्षी सहा जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाईट इन्फंट्री केली आणि प्रत्येकीला नवा क्रमांक मिळाला. हे वहीत उतरवून घे: १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५. यातला दुसरा पाच रेजिमेंटचा, पहिला आकडा बटालियनचा. १९४५ ला रेजिमेंटच्या नावातला पाच गेला. म्हणून १९१६ च्या पाटीवर ११७ आणि १९४४ च्या पाटीवर ५/५ दिसलं तरी पलटण एकच समज. ५/५ च्या पुढे ‘रॉयल’ असेल. पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीसाठी ११७ ला तो मान मिळाला होता. १०/५ ही शिकाऊ जवानांची पलटण होती आणि तिचं ठाणं बेळगावच. तुम्ही जाताय त्या सेंटरची सुरुवात तिथून आहे.

आता मेडलं दोनच का, ते बघ. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचं पितळी रंगाचं व्हिक्टरी मेडल आपल्याकडे आहे, तारा नाही. १९१४-१५ चा तारा १९१५ संपण्याआधी आघाडीवर पोचलेल्यांना मिळायचा. तो हरवलेला नसेल तर खापरपणजोबा १९१६ मध्ये किंवा नंतर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. म्हणजे तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ते नसावेत. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढा चालला, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या, उपासमारीने शरण आल्या आणि कैदेत गेल्या. घरात नुसतं ‘बसऱ्याला गेले होते’ एवढंच सांगतात, आणि त्या एका शब्दात चार वर्षांचं सगळं युद्ध कोंबलं जातं. कुतविषयी काही मांडलेलं असेल तर तिथे सावकाश थांब. आपल्या जिल्ह्यातली माणसं त्यात होती.

त्यांचे थोरले भाऊ परत आले नाहीत. कोनाड्यातली ती ब्राँझची चकती त्यांची. साधारण १२ सेंटीमीटर व्यासाची अशी चकती प्रत्येक मृताच्या घरी पाठवली होती. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, कारण मरणात सगळे सारखे धरले. त्यामुळे चकतीवरून पलटण कळत नाही. त्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोध, पैसे लागत नाहीत. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत त्यात आहेत. शोधताना आपलं आजचं स्पेलिंग धरून बसू नकोस. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, जाधवचं कुठे जादव, कुठे जादो. नाव अर्धंच टाक आणि पलटणीने गाळून बघ. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. तिथे साताऱ्याचं आपलं गाव दिसलं तर खात्री झाली समज.

शस्त्रांपुढे वेळ कमी असेल तर तीन खुणा लक्षात ठेव. वर बाजूला उघडणारं झाकण आणि शेजारी घोडा असेल तर स्नायडर. चापामागे खाली लांब दांडी असेल आणि बोल्ट नसेल तर मार्टिनी-हेन्री, एका वेळी एकच गोळी. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं आणि नाक बोथट, ती पॉइंट ३०३ ली-एनफिल्ड, दहा गोळ्यांची. १८५७ नंतर हिंदी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागची बंदूक देत, म्हणून पाटीवरचं साल आणि त्या बंदुकीचा शोध यांत अंतर दिसलं तर पाटी चुकली असं समजू नकोस.

दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मात्र घाईत ओलांडू नका. दोन्ही इटलीतले. नाईक यशवंत घाडगे, ३/५, १० जुलै १९४४, टायबरचं वरचं खोरं. ते स्वतः सोडून त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते मशीनगनवर एकटे चालून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग गोळ्या लागून तिथेच गेले. दुसरे शिपाई नामदेव जाधव, १/५, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. जखमी साथीदारांना त्यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं आणि परत जाऊन तीन मशीनगन ठाणी बंद केली. मी लावलेला क्रम आठव: ३/५ म्हणजे जुनी ११०, १/५ म्हणजे जुनी १०३. कुतला कैदेत गेलेल्या पलटणीच त्या.

आता जाण्याचं. मिरजेहून कुडची-घटप्रभामार्गे रेल्वे सोयीची. संग्रहालय लष्कराच्या हद्दीत आहे, तेव्हा आधी फोन करून वार, वेळ आणि परवानगी विचारा. परेड किंवा समारंभ असला की बाहेरच्यांना थांबवतात. प्रत्येकीने मूळ आधार कार्ड घ्या, झेरॉक्सवर भागत नाही. फोन गेटवर ठेवावा लागेल असं धरूनच चाला, म्हणून कडेवरचा मजकूर कागदावर लिहून न्या. फोटोला परवानगी असलीच तर फ्लॅश बंद, भिंग काचेला टेकवून. जुनी रेशमी निशाणं आणि गणवेश असतील तिथे उजेड मुद्दाम मंद असतो, कारण प्रकाशाने रेशीम कुजतं आणि ते उलट करता येत नाही. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं उभ्या राहा.

एक आणखी. मराठा म्हणून सगळे सातारकर तिथे सापडतील असं नाही. महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावातच उभी राहिली, पण तिचं सेंटर आता मध्य प्रदेशात सागरला आहे. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं, खडकीला. तुझ्या मैत्रिणीच्या घरच्या मेडलवर त्यातलं काही असेल तर तिला आधीच सांग, नाहीतर ती नाव शोधत बसेल.

आणि बाबांना सांगून ठेव, यंदा खंडेनवमीला मेडलं घासायची नाहीत. चिंच, राख, पीतांबरी काहीच नको. कडेची अक्षरं ठशाने उमटवलेली, अगदी उथळ असतात. घासून घासून आधी तीच जातात. नुसत्या कोरड्या मऊ कापडाने पुसायचं आणि सुती कापडात वेगवेगळी गुंडाळून ठेवायचं, एकमेकांवर घासू द्यायची नाहीत. शेवटचे दोन आकडे फोटोत नीट दिसत नाहीत. त्यांना म्हणावं, कड तिरपी धरा, बाजूने टॉर्च मारा आणि पुन्हा फोटो काढा. तू निघायच्या आत ते आकडे आले पाहिजेत.

तुझी,
आई