ताबा मिळाला, दाव्याच्या खर्चाचे काय?

संपादक महोदय,

जागेच्या ताब्याचा दावा जिंकला की वकिलाची फी समोरच्याकडून वसूल होते, अशी समजूत घरमालक आणि भाडेकरू दोघांतही पक्की आहे. प्रत्यक्षात हुकूमनाम्यात, म्हणजे निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशात, वकील फी धरली जाते ती नियमांत ठरलेल्या दराने. पक्षकाराने मोजलेली रक्कम त्याहून कितीतरी जास्त असते. रघुबीर सरन ट्रस्टच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्यक्ष फीच्या आधारे पंचेचाळीस लाखांहून अधिक खर्च मंजूर केला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही.

निदान कायद्याने मिळते तेवढे तरी सुटू नये. दाव्याच्या मागणीत खर्च मागावा आणि अंतिम युक्तिवादात पुन्हा मागावा. जिंकलेल्याला खर्च नाकारायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५(२) प्रमाणे न्यायालयाने लेखी कारणे द्यायला हवीत. कारणे नसतील तर अपिलात तो मुद्दा घेता येतो. हुकूमनामा निकालानंतर पंधरा दिवसांत तयार व्हावा असा नियम आहे, म्हणून खर्चाचा तपशील पावत्यांसह लगेच द्यावा. कोर्ट फी आणि समन्सचा खर्च सगळेच लिहितात. दाव्यापूर्वीची नोटीस, टंकलेखन, कागदपत्रांची पाहणी, समन्सशिवाय आणलेल्या साक्षीदाराचा खर्च मात्र राहून जातो. याच संहितेच्या आदेश २०-अ मध्ये या बाबींची स्पष्ट नोंद आहे.

भाडे थकल्याच्या दाव्यात तर हे फार महत्त्वाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५(३) प्रमाणे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह भरली आणि पुढे भाडे नियमित भरले, तर ताबा जात नाही. पण न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्चही त्याने भरायचा असतो. घरमालकाने मागितलाच नाही, तर हा खर्च तसाच राहतो. तडजोड पुरसिशीतही (न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनात) खर्चाचे कलम हवेच.

समोरचा तारखा घेत राहिला तर प्रत्येक वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-ब खाली खर्च मागावा. तो भरल्याशिवाय त्याला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. अखेरीस दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) करताना ताब्याबरोबर खर्चाची वसुलीही लिहावी. भाडेकरूच्या अनामत रकमेतून वकील फी परस्पर कापू नये; नवा वाद तिथेच सुरू होतो. वजावट हवी असेल तर न्यायालयाकडून तसा आदेश घ्यावा.

खोट्या किंवा केवळ त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली भरपाई मिळते, पण तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये! ती किमान एक लाख असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने वरच्याच निकालात सुचवले होते. दिवाणी प्रक्रिया हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत (केंद्र व राज्य दोघांच्याही अखत्यारीतील विषयांत) असल्याने राज्य विधिमंडळालाही ही दुरुस्ती करता येईल. येत्या अधिवेशनात ती मांडावी, अशी आमची मागणी आहे.

— दिवाणी न्यायालयांत काम करणारे काही वकील