स्टेशनपर्यंतचा पहिला टप्पा : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

9 मे 2025 पासून मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 झालं, एसी गाडीचं 6 वरून 12. बेस्ट पालिकेची, मग पत्र तुम्हाला का? कारण भाडेवाढीला मंजुरी मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण देतं, आणि त्याचा कारभार तुमच्या खात्याकडे आहे.

दरपत्रक जरा समोर घ्या. साध्या बसने 10 किलोमीटर जाणाऱ्याचे 10 चे 15 झाले, 15 किलोमीटरवाल्याचे 15 चे 20. दुप्पट झाला तो पहिला, 5 किलोमीटरचा टप्पा. म्हणजे घर ते स्टेशन. आमच्या चेंबूरच्या वाशीनाक्यासारख्या, माहुल नि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींचा रोजचा टप्पा. इथले बहुतेक लोक हौसेने आलेले नाहीत. कुणाचं घर रेल्वेमार्गासाठी पाडलं, कुणाचं रस्त्यासाठी, कुणाचं तानसा जलवाहिनीलगतचं. शहराची वाट मोकळी करून दिलेल्यांकडूनच आता जादा भाडं घेताय!

सकाळी वाशीनाक्याच्या थांब्यावर या. चेंबूर, सायनच्या सोसायट्यांत धुणीभांड्याला जाणाऱ्या बायका लांबूनच बघतात, साधी येतेय की एसी. दोन रुपयांचा प्रश्न असतो. बराच वेळ काहीच आलं नाही की शेअर रिक्षा. मागे तिघी, चौथी ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धी बाहेर. उशीर झाला तर एखाद्या घरी खाडा धरतात. आई कामाला आणि मुलगी कॉलेजला जात असेल, तर दोघींच्या येण्याजाण्याचे 26 दिवसांचे 520 रुपये व्हायचे, आता 1,040. पास काढा म्हणाल, तर तोही महागलाय. मग घरात मुलीलाच सांगतात, तू चालत जा.

इथून जवळच पूर्व मुक्त मार्ग आहे, 2013 पासून. त्यावर मोटारी सुसाट जातात. दुचाकी आणि रिक्षांना बंदी. आमच्यातल्या किती जणांकडे मोटार आहे, हे विचारायलाही नको.

एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. निर्णय उत्तमच होता. पण धुणीभांड्याला जाणारी बाई एसटीने जात नाही, साहेब, बेस्टने जाते. तिला सवलत का नाही?

म्हणून मागणं असं : 5 किलोमीटरचा टप्पा परत 5 रुपये करा, एसी असो वा साधी. येणारी तूट राज्याने बेस्टला भरून द्यावी. महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत बेस्टलाही लावा. पुनर्वसन वसाहतींत पहाटे पाच ते नऊ किती फेऱ्या ठरल्या आणि किती सुटल्या, हे दर महिन्याला थांब्यावर लावा.

आणि एक. धारावीच्या पुनर्विकासात तिथल्या घरासाठी अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांसाठी देवनार, मुलुंडच्या जागांची नावं घेतली जातायत. त्या फायलीत इमारतींच्या नकाशाबरोबर बसचं वेळापत्रक जोडलेलं नसेल, तर तुमच्या खात्याने ती परत पाठवावी.

आपली,
वाशीनाक्याची एक रहिवासी